तारपा आणि बारा आणे : डहाणू-तलासरीतील मेळाव्यांचा इतिहास

१

मुंबई-अहमदाबाद महामार्ग डहाणू-जव्हार रस्त्याला जेथे छेदतो ते चारोटी हे ठिकाण प्रवाशांच्या लेखी केवळ एक नाके आहे. वारली समाजाच्या सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर या नाक्याच्या आसपासच्या टापूत वर्षभरात माणसे तीन वेगवेगळ्या कारणांनी एकत्र येताना दिसतात. चैत्री पौर्णिमेपासून पंधरवडाभर विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा भरते. १० ऑक्टोबरला तलासरी परिसरात लाल बावट्याखाली हुतात्मा दिनाचा मेळावा होतो. आणि अलीकडच्या काळात ९ ऑगस्टला शाळा, वसतिगृहे, सरकारी कचेऱ्या आणि गावोगावचे चौक येथे जागतिक आदिवासी दिन साजरा होतो. यात्रा, सभा आणि 'दिन' असे हे तीन प्रकार आहेत. तिन्हींत जमणारी माणसे बव्हंशी तीच असतात. मात्र त्यांना बोलावणारा वेगळा असतो, बोलावण्याचे निमित्त वेगळे असते, आणि म्हणून जमलेल्यांना स्वतःविषयी जे सांगितले जाते तेही वेगळे असते.

मराठी समीक्षेने या तीन प्रकारांची वाटणी तीन शास्त्रांत करून टाकली आहे. यात्रा लोकसाहित्याच्या अभ्यासकाकडे गेली, सभा राजकीय इतिहासकाराकडे आणि 'दिन' बहुधा वार्ताहराकडे. ही वाटणी सोयीची असली तरी तिने एक मूलभूत गोष्ट नजरेआड केली. ज्या समाजाने आपला भूतकाळ दीर्घकाळ लेखी स्वरूपात ठेवला नाही, त्या समाजात 'जमणे' ही इतिहासाची नोंद ठेवण्याची एक रीत असते. काय आठवायचे, कोणत्या क्रमाने आठवायचे आणि कोणाच्या तोंडून आठवायचे, हे तेथे मेळाव्याच्या रूपबंधातच ठरलेले असते. त्यामुळे मेळाव्याचे रूप बदलले की आठवणीचा आशयही बदलतो. डहाणू-तलासरीतील मेळाव्यांचा इतिहास हा या बदलांचा इतिहास आहे, आणि त्यात कष्ट व कला यांची फारकत कशी होत गेली, हे त्याचे मध्यवर्ती सूत्र आहे.

२

वारली जीवनातील जुने सामूहिक आविष्कार पाहिले तर त्यांतला एकही कामाच्या वेळापत्रकाबाहेरचा नाही. तारपा हे वाद्य वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण यांपासून बनते; म्हणजे त्याची सगळी सामग्री शेतातून आणि रानातून येते. ते वाजते तेही पारंपरिकरीत्या भाताचे पीक हाताशी आल्यावर. वादक मध्यभागी राहतो, नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात, आणि तो वळेल तशी सगळी रांग वळते. या रचनेत प्रेक्षकासाठी राखून ठेवलेली जागा नाही. ज्याला पाहायचे आहे त्याला केव्हाही रांगेत शिरता येते. नाच संपणे-सुरू होणे हे कार्यक्रमपत्रिकेवर अवलंबून नसते. ते वादकाच्या दमावर आणि रात्रीच्या लांबीवर अवलंबून असते.

घांगळीच्या साथीने भगत जी कथागीते गातो, त्यांत कणसरी या धान्यदेवतेला मोठे स्थान आहे. कणसरी घरात आली म्हणजे सुगी, रुसून गेली म्हणजे दुष्काळ. आणि तिचे येणे-जाणे माणसाच्या वागण्याशी जोडलेले. धान्याचा इतिहास म्हणून या कथांकडे पाहता येईल. त्यांत राजे व लढाया नसतील. पण टंचाई, भूक, साठवण आणि वाटप यांचा विचार निश्चित आहे. लग्नाच्या चौकाचेही तसेच. सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी येते, आणि धवलेरी ही स्त्री पुरोहित आपल्या गीतांनी लग्न लावते. येथे चित्र, गीत आणि विधी ही एकच कृती असते. चौक हा पाहण्याकरिता केलेला नसतो. तो झाल्याशिवाय लग्न होत नाही, म्हणून केलेला असतो. आणि या कृतीचे कर्तेपण स्त्रियांकडे असते, ही बाब पुढच्या घडामोडींच्या संदर्भात महत्त्वाची ठरते.

महालक्ष्मीच्या यात्रेचे रूप याहून थोडे गुंतागुंतीचे आहे. देवीचे नाव महाराष्ट्राच्या व्यापक देवीपरंपरेशी जोडलेले. यात्रेला येणारे भाविक गुजरातेपर्यंतच्या मुलखातले आणि सर्व जातींचे. मात्र डोंगरावर ध्वज लावण्याचा मान वाघाडीच्या आदिवासी पुजारी घराण्याकडे आहे, आणि रात्री तो डोंगर चढून ध्वज लावला जाणे हा यात्रेचा गाभा आहे. तेव्हा सबंध परिसराचा देव आणि आदिवासींचा मान अशी एक तडजोड या यात्रेने शतकानुशतके नसली तरी निदान अनेक पिढ्या सांभाळलेली दिसते. तिच्या काळाकडेही लक्ष दिले पाहिजे. चैत्र-वैशाख म्हणजे खळी आटोपलेली, राब भाजून झालेले किंवा होत आलेले, आणि पावसाला अजून अवकाश. या दोन महिन्यांत पाड्यापाड्यांतून लग्ने होतात, नातलग एकमेकांकडे जातात, बाजार होतो, निरोप फिरतात. वर्षाच्या इतर काळात विखुरलेला समाज या दिवसांत एकमेकांना भेटतो. राजकीय इतिहास लिहिणाऱ्यांनी या गोष्टीची फारशी दखल घेतलेली नाही. वस्तुतः १९४५ च्या घटना समजून घेण्यासाठी ती आवश्यक आहे.

३

१९४५ हे वर्ष दोन कारणांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी मुंबईहून के. जे. सावे यांचे वारल्यांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात वारल्यांच्या चालीरीती, दैवते, लग्ने, मृत्युविधी यांची तपशीलवार नोंद आहे, आणि तिचे मोल आजही कमी झालेले नाही. त्याच वर्षी २३ मे रोजी तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी सुमारे ५,००० वारली एकत्र आले आणि त्यांनी जमीनदारांच्या शेतावर फुकट राबण्यास नकार दिला. एकाच समाजाची एकाच वर्षातली ही दोन चित्रे आहेत. पहिल्यात वारली हा वर्णनाचा विषय आहे. दुसऱ्यात तो निर्णय घेतो.

झरीच्या सभेमागची परिस्थिती सर्वज्ञात आहे. तिचा थोडक्यात उल्लेख पुरेसा होईल. ठाणे जिल्ह्याच्या या भागातील जमिनी हळूहळू सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या. कूळ म्हणून कसणाऱ्या वारल्याला जमीनदाराकडे वेठ करावी लागे. लग्नासाठी उचललेल्या कर्जापोटी नवराबायको दोघेही धन्याच्या घरी बांधले जात. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारला दिलेल्या अहवालात या स्थितीची स्पष्ट नोंद केली होती. लग्नगडी या शब्दात एक दारुण विरोधाभास आहे. ज्या लग्नात धवलेरीचे गीत आणि सवाशिणींचा चौक, त्याच लग्नात गुलामीचा करार. चौक आणि कर्ज एकाच अंगणात होते. वारली संस्कृतीचे वर्णन करताना चौक घ्यायचा आणि कर्ज सोडायचे, ही पद्धत पुढे रूढ झाली. मूळ अनुभवात मात्र ही दोन टोके वेगळी करता येत नाहीत.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र प्रांतिक किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगाव भागातील काही वारली प्रतिनिधी आले होते. झरीचे माह्या धांगडा हे त्यांपैकी एक. शामराव व गोदावरी परुळेकर यांचा या भागाशी झालेला संबंध तेथून दृढ झाला. मेमधील सभेत ठरले ते अगदी मोजके होते : वेठ करायची नाही, रोजी बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही, मारहाण झाली तर सोसायची नाही, आणि एकजूट सोडायची नाही. या ठरावांत 'संस्कृती' हा शब्द कोठेही नाही. मात्र ज्या रीतीने हे ठराव पाड्यापाड्यांत पोचले ती रीत जुनीच होती. वाचता न येणाऱ्या, वृत्तपत्र न पोचलेल्या, वाहन नसलेल्या मुलखात ५,००० माणसे एका ठिकाणी जमतात, ती वैशाखात जमतात, आणि परतताना सभेचा आशय तोंडी घेऊन जातात. लग्नाची बोलावणी आणि यात्रेच्या बातम्या ज्या वाटांनी जात असत, त्याच वाटांनी संपाचा निरोपही गेला असला पाहिजे. सभा ही बाहेरून आलेली संस्था खरी. पण ती रुजली ती आधीच तयार असलेल्या मातीत.

पावसाळा संपता संपता संघर्ष कुरणांकडे वळला. डहाणू-उंबरगाव पट्ट्यातील गवत हा मुंबईच्या बाजारपेठेसाठी मोठा व्यापारी माल होता. ऑक्टोबरात गवत कापले गेले नाही तर जमीनदार व व्यापारी यांचे वर्षाचे उत्पन्न बुडते. किसान सभेने ५०० पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये असा दर मागितला आणि संप सुरू झाला. येथे कामाची जागा, म्हणजे कुरण, हीच संघर्षाची जागा झाली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. अनेक जखमी झाले. गोदावरीबाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, असा निरोप त्या आधी पाड्यापाड्यांत फिरला होता. तो जमीनदारांच्या माणसांनी मुद्दाम फिरवला, अशी परुळेकरांची मांडणी आहे. ती मान्य केली तर त्यातून निघणारा अर्थ विलक्षण आहे. ज्या तोंडी निरोपाच्या व्यवस्थेने झरीला माणसे आणली, तिच्यावर असलेल्या विश्वासाचाच वापर तलवाड्याला त्यांच्याविरुद्ध झाला.

याहून महत्त्वाचे असे की, तलवाड्याला जे मारले गेले ते कोणत्याही कचेरीवर चालून गेले म्हणून मारले गेले नाहीत. ते जमले म्हणून मारले गेले. त्यामुळे दरवर्षी १० ऑक्टोबरला होणारा मेळावा इतर स्मृतिदिनांहून वेगळा ठरतो. येथे स्मरण ज्या घटनेचे करायचे ती घटना आणि स्मरण करण्याची पद्धत एकच आहे. जमण्याच्या हक्काची आठवण जमून ठेवली जाते. पुढे १९४६ मध्ये संप जंगलाच्या कूपांपर्यंत पोचला, वेठ मोडली, लग्नगडी घरी परतले. या सगळ्या घटनाक्रमाला इतिहासात 'वारल्यांचा उठाव' म्हणून स्थान मिळाले; तथापि त्या स्थानाची प्रत कोणती, हे शेजारच्या उदाहरणावरून कळते. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथे पाच जण पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्यांचे स्मारक शहराच्या मध्यवर्ती चौकात आहे आणि ते राष्ट्रीय इतिहासाचा भाग आहे. तीन वर्षांनी त्याच जिल्ह्यात, त्याच राजवटीच्या पोलिसांनी पाच जणांना मारले. त्यांची स्मृती मुख्यतः एका पक्षाच्या आणि त्याच्या किसान संघटनेच्या हवाली राहिली. फरक मागणीत होता. पालघरची मागणी देशाच्या स्वातंत्र्याची होती, तलवाड्याची बारा आण्यांची आणि गवताच्या दराची. मजुरीच्या दरातही स्वातंत्र्याची व्याख्या असू शकते, हे मान्य करणे मध्यमवर्गीय इतिहासदृष्टीला जड गेले.

४

या उठावाला मराठी साहित्यात प्रवेश मिळाला तो गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या घटना त्यात सांगितल्या आहेत. पुस्तक आत्मचरित्र म्हणावे, चळवळीचा इतिहास म्हणावे की समाजचित्रण, हा प्रश्न समीक्षेने अधूनमधून उपस्थित केला. पण त्याच्या निवेदनव्यवस्थेकडे मात्र पुरेसे लक्ष दिले नाही.

शीर्षकापासून सुरुवात केली तर त्यातील दोन शब्द थांबून पाहण्यासारखे आहेत. 'माणूस' हा शब्द वारली किंवा आदिवासी या शब्दांच्या जागी आला आहे. जमीनदाराच्या लेखी जो गुरासारखा होता त्याला माणूस म्हणणे, ही त्या काळातली मोठी राजकीय कृती होती, यात शंका नाही. 'जागा होतो' हे क्रियापद मात्र आधीची निद्रा गृहीत धरते. प्रबोधनकाळापासून मराठी वैचारिक गद्यात जागृतीचे रूपक सुधारकाच्या बाजूने वापरले गेले आहे : कोणीतरी जागा असतो आणि तो इतरांना उठवतो. पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबात वाढलेल्या, कायद्याच्या पदवीधर आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य असलेल्या लेखिकेला हे रूपक परंपरेनेच मिळाले होते. वारल्यांनी त्यांना दिलेले 'गोदाराणी' हे नाव मात्र दुसऱ्या परंपरेतून येते. राणी ही जागे करणारी नसते. ती पाठीशी उभी राहणारी असते. एकाच व्यक्तीची ही दोन नावे, बाई आणि राणी, दोन भिन्न कथनपरंपरांची आहेत, आणि पुस्तकाची खरी ताकद या दोन्हींच्या ताणात आहे.

लेखिकेच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की पुस्तकात वारली माणूस केवळ दुःखाचे प्रतीक राहत नाही. तो नावाने येतो, शंका घेतो, थट्टा करतो, निर्णय बदलायला लावतो. पाड्यावरच्या रात्री, चुलीजवळची बोलणी, भाकरीची टंचाई, चालून चालून आलेला थकवा हे तपशील पुस्तकात इतके घट्ट विणलेले आहेत की सिद्धान्त त्यांच्यामागे राहतो. वारल्यांच्या विधी-दैवतांविषयीची लेखिकेची दृष्टी मात्र बुद्धिवादी कार्यकर्त्याची आहे. भगत तिला बहुतेकदा अडथळा वाटतो. परिणामी, ज्या अंगणात सभा झाली त्याच अंगणात सुगीनंतर तारपा वाजत होता, ही गोष्ट पुस्तकात असून नसल्यासारखी राहते. सावे यांच्या ग्रंथात विधी आहे, वेठ दुय्यम. परुळेकरांच्या ग्रंथात वेठ आहे, विधी दुय्यम. दोन्ही ग्रंथ एकत्र वाचल्याशिवाय १९४५ चा वारली माणूस पुरता दिसत नाही.

५

१९७० नंतरच्या दोन दशकांत वारली जीवनाचा एक घटक अंगणातून बाहेर पडला आणि जगभर गेला. तो म्हणजे चित्र. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी चौकाबाहेरची, रोजच्या जीवनाची चित्रे कागदावर काढली. भास्कर कुलकर्णी यांच्या पुढाकाराने ती शहरांत पोचली. १९७६ मध्ये मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक निर्देशांक लाभला. या प्रवासाने अनेक घरांत पैसा आणि प्रतिष्ठा आली. ती कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि त्यात तीन बदल झाले. चित्र लग्नापासून सुटले. सवाशिणींच्या हातून बव्हंशी पुरुषांच्या हाती गेले. आणि गीताशिवाय उभे राहिले. धवलेरी मागे राहिली, कारण तिचे गीत चौकटीत बसवता येत नाही. बाजाराने स्वीकारलेली संस्कृती ही जिचे वाहतूकमूल्य अधिक ती संस्कृती असते.

शिक्षणाच्या क्षेत्रात याच भागात एक उलटा प्रयोग झाला होता, त्याचे स्मरण येथे उपयुक्त ठरेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे काम करताना शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. मूल गुरे राखते, तर शाळाच कुरणावर न्यायची, ही त्यामागची कल्पना. पद्धत म्हणून तिचे महत्त्व असे की तिने काम आणि शिकणे ही एकमेकांची शत्रू मानली नाहीत. ज्या कुरणांवर १९४५ चा संप झाला, तशाच कुरणांवर पाटी पोचली. मेळाव्याच्या बाबतीत असा विचार क्वचितच झाला.

साहित्याच्या मेळाव्यांचा इतिहासही येथून गेला आहे. १९७९ मध्ये भद्रावती येथे आदिवासी साहित्य संमेलनाला आरंभ झाला, आणि १९९० साली पालघर येथे भरलेल्या संमेलनाचे अध्यक्ष होते वाहरू सोनवणे. शहादा परिसरातील श्रमिक चळवळीतून आलेल्या या भिल कवीच्या 'गोधड' (१९८७) या संग्रहाने मराठी कवितेला नवा स्वर दिला. त्यांच्या 'स्टेज' या कवितेचा विषय मेळाव्याचे व्यासपीठच आहे : ज्यांच्याविषयी बोलायचे ते खाली, आणि बोलणारे वर. ही कविता चळवळीच्या आतून चळवळीला विचारलेला प्रश्न आहे, हे तिचे वेगळेपण. तारप्याच्या वर्तुळाशी ती ताडून पाहिली तर प्रश्न अधिक टोकदार होतो. वर्तुळात वर-खाली नसते. व्यासपीठावर नाच आणायचा तर वर्तुळ प्रेक्षकांच्या बाजूने उघडावे लागते, वादकाला कडेला सरकवावे लागते, आणि रात्रभराचा नाच दहा मिनिटांत बसवावा लागतो. रूपबंधातल्या या फेरफाराबरोबर नाचणाऱ्याचे सामाजिक स्थानही बदलते : तो यजमान होता, तो आता कार्यक्रमाचा भाग होतो.

६

९ ऑगस्टच्या उत्सवाकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मूलनिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक १९८२ साली जिनिव्हा येथे या तारखेला झाली. तिची आठवण म्हणून १९९४ च्या डिसेंबरात आमसभेने हा दिवस जाहीर केला. २००७ साली मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. पण सर्व भारतीय मूलनिवासीच आहेत ही आपली अधिकृत भूमिकाही कायम ठेवली. महाराष्ट्रात ९ ऑगस्ट हा १९४२ पासून क्रांतिदिन. म्हणजे एकाच तारखेवर दोन स्मृती बसल्या, आणि आदिवासी तरुणांनी त्यांतली दुसरी आपली म्हणून निवडली. या निवडीत आत्मभान आहे. 'वनवासी' की 'आदिवासी', या नावाच्या वादात 'आदिवासी' हे नाव जाहीरपणे, हजारोंच्या संख्येने उच्चारणे ही साधी गोष्ट नाही. काळूराम धोदडे यांच्या भूमिसेनेपासून आदिवासी एकता परिषदेच्या जानेवारीतील महासंमेलनांपर्यंतची परंपरा त्यामागे आहे, आणि त्या परंपरेत जमीन व संस्कृती हे विषय एकमेकांपासून दूर गेलेले नव्हते.

अडचण निर्माण होते ती हा दिवस कचेरीत, शाळेत आणि बँकेच्या आवारात पोचल्यावर. तेथे तो बहुधा एका ठरावीक साच्यात बसतो : प्रतिमापूजन, मान्यवरांची मनोगते, भिंतीवर वारली चित्र, मंचावर तारपा नृत्य. ऑगस्टमध्ये आवणी नुकतीच आटोपत आलेली असते किंवा बेणणी चालू असते. भात अजून हिरवे असते. जे वाद्य पिकाच्या आगमनाचे, ते पीक नसताना वाजते. परंपरा बदलू नये असे नव्हे. जिवंत परंपरा बदलतच असते. परंतु बदलाची दिशा पाहिली पाहिजे. यात्रेचे पंचांग धान्याचे होते, हुतात्मा दिनाचे पंचांग मजुरीचे होते. १० ऑक्टोबर ही तारीख गवतकापणीच्या हंगामातून आली. ९ ऑगस्टच्या पंचांगाला मात्र येथील जमिनीतल्या कोणत्याही कामाचा आधार नाही. तो आधार जमणाऱ्यांनीच निर्माण करावा लागतो.

कामाच्या ठिकाणच्या समारंभाची आणखी एक मर्यादा आहे. कचेरीतला आदिवासी दिन आदिवासी कर्मचाऱ्याला एक दिवस त्याच्या संस्कृतीचा प्रतिनिधी बनवतो. त्याच आवारात रोजंदारीवर काम करणारा, वाटेवर गटार खणणारा, पहाटे लोकलने मुंबईच्या दिशेने मजुरीला जाणारा वारली या समारंभात असेलच असे नाही. १९४५ ची सभा ही कामाच्या जागेवरची सभा होती, कारण ती कामाच्या अटींविषयी होती. आजचा समारंभ कामाच्या जागेवर होतो, पण कामाविषयी काहीच बोलत नाही. एकाच वाक्प्रयोगाचे हे दोन अर्थ एकमेकांपासून किती दूर गेले, हे येथे दिसते.

हुतात्मा दिनाच्या मेळाव्यालाही हा आरसा दाखवता येतो. तेथे दर, जमीन आणि वनहक्क यांची भाषा टिकून आहे; २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर तिला नवे संदर्भही मिळाले. मात्र तेथे वारली 'श्रमिक' या व्यापक नावात विरघळतो. कणसरी, घांगळी, धवलेरी यांना भाषणात जागा नसते, असली तर मध्यंतरातल्या गाण्यात असते. १९६० च्या राज्यविभागणीत जुन्या उंबरगाव तालुक्याचे दोन राज्यांत वाटप झाले, आणि वारली बोली मराठी-गुजरातीच्या सीमेवर दोन्हीकडून उपेक्षित राहिली, हा सांस्कृतिक प्रश्नही त्या मंचावर क्वचित येतो. एका मेळाव्यात मजुरी आहे, नाच शोभेला. दुसऱ्यात नाच आहे, मजुरी अनुल्लेखित. सावे आणि परुळेकर यांच्या ग्रंथांत १९४५ नंतरच्या काळात जी विभागणी स्थिर झाली, तीच पुढे मेळाव्यांत उतरली, असे म्हणता येते.

७

ही विभागणी केवळ अभ्यासकांच्या सोयीची बाब राहिलेली नाही. चारोटीच्या परिसरातून आणि भोवतालच्या तालुक्यांतून आज द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेनचे मार्ग जात आहेत; वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. जमीन पुन्हा एकदा हातांतून जाण्याच्या काळात समाजाची स्मृती कोणत्या रूपात शिल्लक आहे, याला व्यावहारिक महत्त्व येते. ज्या समाजाला आपल्या चित्राचे मोल माहीत आहे पण बारा आण्यांचा ठराव माहीत नाही, त्याला गौरव मिळेल. वाटाघाटीची भाषा मिळणार नाही. आणि ज्याला ठराव ठाऊक आहे पण चौक व कणसरी विसरली आहे, त्याला मोबदल्याचा आकडा मागता येईल. त्या जमिनीचा आपल्याशी संबंध काय होता, हे सांगता येणार नाही. नुकसानभरपाईच्या कागदात दोन्ही लागतात.

मराठी समीक्षेपुढचे कामही यातून स्पष्ट होते. मौखिक परंपरांना प्रतिष्ठा देण्याचा आग्रह देशीवादी विचाराने धरला. मार्क्सवादी समीक्षेने श्रमाचा आग्रह धरला. डहाणू-तलासरीचा इतिहास या दोन्ही आग्रहांची कसोटी पाहतो, कारण येथे गीत आणि संप यांचे अंगण एकच होते. त्या अंगणाचा अभ्यास करायचा तर मेळाव्यालाच संहिता मानून वाचावे लागेल : बोलावणे कोणी धाडले, ते कोणत्या हंगामात गेले, उभे राहायची जागा कोणाला मिळाली, वर्तुळ बंद होते की उघडे, आणि परतणाऱ्याने घरी काय नेले. झरीहून परतणाऱ्याने एक दर नेला. महालक्ष्मीहून परतणारा वर्षाची खरेदी आणि सोयरिकीची बातमी नेतो. ९ ऑगस्टच्या समारंभातून परतणाऱ्याच्या हाती सन्मानचिन्हाखेरीज काय पडते, हे ज्या वर्षी निश्चित सांगता येईल, त्या वर्षी तो दिवस या मातीतला झाला असे मानता येईल.